फोटोत मुंग्या येतायत म्हणून कॅमेरा बदलू नकोस, आधी हे वाच

भावा, तुझे दोन्ही फोटो मोठे करून नीट बघितले. तुझी अडचण थोडक्यात अशी, कॅनन १५००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स घेऊन त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर दीपोत्सव शूट केलास, आयएसओ (जमलेला उजेड कॅमेरा किती मोठा करून दाखवतो तो आकडा) ८०० च्या वर जाऊ दिला नाहीस, तरी आजी पणती लावतायत त्या फोटोत सगळीकडं बारीक रवाळ दाणे, म्हणजे आपण मुंग्या म्हणतो त्या, आलेत, चेहऱ्यावर लाल-हिरवे ठिपके दिसतायत, आणि दुकानात दाखवलास तर "सेन्सर जुना झाला, आता नवीन बॉडीच घ्या" असं सांगितलं. वर घरातले म्हणतायत मोबाईलचा फोटो ह्याच्यापेक्षा चांगला आलाय. तू निराश होणं साहजिक आहे. पण सेन्सरला काही झालेलं नाही. फोटोच्या माहितीत जे आकडे दिसतात त्यातच सगळं उत्तर आहे: एफ ५.६ (लेन्सचं भोक किती उघडलंय ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ८००, लेन्स ५५ ला झूम. आणि तूच लिहिलंयस की फोटो काळा आला म्हणून नंतर लाइटरूम ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अडीच स्टॉप वर ओढलं.

खरी गोष्ट इथंच आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, म्हणून अडीच स्टॉप म्हणजे साडेपाच पटीच्या थोडं वर. ८०० ला तेवढ्यानं गुणलं की साधारण ४५०० येतात. म्हणजे कॅमेऱ्यावर ८०० लिहिलं असलं तरी तू फोटो काढलायस जवळजवळ ४५०० आयएसओचा, आणि तोही आडवाटेनं, कारण तू एडिट केलीस ती जेपेग, म्हणजे दाबलेली फाइल, तिच्यात अंधारातली माहिती कॅमेऱ्यानं आधीच फेकून दिलेली असते आणि उरलेलं तू ताणलंस. त्यापेक्षा कॅमेऱ्यातच ३२०० ठेवून चेहरा नीट उजळ घेतला असतास तर ह्याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आला असता. मी वीसेक वर्षं लग्नं, कुस्त्या, जत्रा शूट करतोय आणि माझ्याकडं ग्रेनची, म्हणजे ह्याच दाण्यांची, तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या सात-आठ पोरांचं दुखणं हेच असतं, आयएसओची भीती. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो, आणि ते डोक्यात इतकं घट्ट बसतं की माणूस फोटो काळा काढेल पण ८०० च्या वर जाणार नाही.

ग्रेन आयएसओमुळं येत नाही, उजेड कमी पडल्यामुळं येतो. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटतं म्हणून जरा सावकाश सांगतो. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस यायला लागतो तेव्हा अंगणातली फरशी बघितलीस का कधी? पहिले थेंब पडतात तेव्हा एका फरशीवर सात, शेजारच्या फरशीवर तीन, तिसरीवर अकरा, सगळं ठिपक्याठिपक्याचं दिसतं. पाच मिनिटं धो धो पडला की सगळी फरशी सारखी ओली, एकही ठिपका वेगळा दिसत नाही. सेन्सरवर उजेडाचं तसंच होतं. प्रकाशाचे कण मोजून-मापून येत नाहीत, कमी-जास्त पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडत असतील तर त्यात १० चा फरक सहज पडतो, म्हणजे दहा टक्के, डोळ्याला खटकणार. तेच १०,००० कण पडले तर फरक १०० चा, म्हणजे एकच टक्का, दिसणारसुद्धा नाही. आयएसओ वाढवणं म्हणजे जमा झालेलं मोठं करून दाखवणं, थेंब तेवढेच राहतात. म्हणून आयएसओ वाढवलेल्या फोटोत दाणे दिसतात, पण ते आणलेले असतात अंधारानं.

आता तू त्या पहाटे किती उजेड वाया घालवलास ते बघ, पैसे न घालता. तुझी किट लेन्स ५५ ला झूम केली की एफ ५.६ च्या पुढं उघडत नाही. तीच १८ ला एफ ३.५ उघडते, म्हणजे अडीच पट उजेड. आजींपासून लांब पायरीवर उभं राहून झूम केलंस, त्याऐवजी चार पायऱ्या उतरून जवळ गेला असतास तर... १८ ला इतक्या जवळून चेहरा ताणला जातो, ते नको, पण २४ च्या आसपास ठेवलं तर एफ ४ मिळतं आणि तो ५.६ च्या दुप्पट उजेड झाला. दुसरं, आजी बसून वातीला काडी लावतायत, हालचाल जवळपास नाही, तिथं १/१२५ कशाला? २४ ला १/३० हातात सहज निघतो, कोपर गुडघ्यावर टेकव, श्वास सोडताना बटण दाब, आणि लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर ते ऑन आहे का बघ. १/१२५ वरनं १/३० म्हणजे चौपट. दोन गुणिले चार, आठपट उजेड. स्टॉपमध्ये तीन. तू नंतर ओढलेस अडीच! म्हणजे ८०० आयएसओवरसुद्धा तो फोटो कॅमेऱ्यातनंच उजळ निघाला असता, थोडं जास्तच.

म्हणून क्रम लक्षात ठेव, आधी बघायचं उजेड कुठनं येतोय आणि माणूस त्याच्या जवळ नेता येतोय का, मग लेन्स उघडायची, मग शटर जेवढा खाली चालेल तेवढा आणायचा, आणि हे सगळं झाल्यावर जे कमी पडेल ते आयएसओनं भरायचं, न घाबरता. फोटो हलला तर तो कायमचा गेला, कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही, दाणे आले तर त्याचं काहीतरी करता येतं. मी सुरुवातीला एका हळदीत ४०० च्या वर जायचं नाही म्हणून १/१५ वर शूट केलं होतं, नवरीच्या आत्यानं हळद लावली तो क्षण, सगळ्यांचे हात हललेले. तो फोटो अल्बममध्ये लावता आला नाही, अजून मनाला लागतं.

घाटावर आणखी एक फसवणूक होते. फ्रेममध्ये पन्नास-शंभर पणत्यांच्या ज्योती असल्या की कॅमेऱ्याच्या मीटरला वाटतं लई उजेड आहे, तो फोटो काळा काढतो. चेहरा अंधारात जातो, आणि मग तो आपण नंतर ओढतो. तिथं चेहऱ्यावर पार्शल मीटरिंग (फक्त मधल्या छोट्या भागाचा उजेड मोजणं) घे, नाहीतर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस एक, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप उजळ, करून बघ, ज्योत थोडी पांढरी पडली तरी चालते, चेहरा महत्त्वाचा. आणि स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, पहाटेच्या अंधारात कॅमेऱ्याचा स्क्रीन एवढा झगझगीत दिसतो की काळा फोटोसुद्धा छान वाटतो. हिस्टोग्राम (डावीकडं काळा, उजवीकडं पांढरा भाग किती आहे ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लाव, सगळा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलाय म्हणजे घरी गेल्यावर मुंग्या निघणार.

लाल-हिरव्या ठिपक्यांचं विचारलंस, ते का आले सांगतो. पणतीचा उजेड एकदम पिवळा-नारिंगी असतो, त्यात निळा रंग नावालाच. व्हाइट बॅलन्स (फोटोचा पिवळेपणा-निळेपणा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर असताना किंवा नंतर तू तो पिवळेपणा काढायला गेलास की निळा रंग कित्येक पटीनं वाढवला जातो, आणि निळ्यात मुळात थेंबच कमी पडलेले, त्यामुळं सगळ्यात जास्त घाण त्या चॅनेलमधनं वर येते. उपाय सोपा आहे, पणतीचा फोटो पिवळाच राहू दे. आजींचा चेहरा पणतीच्या उजेडात सोनेरी दिसतो तो तसाच दिसायला पाहिजे, दुपारच्या उन्हासारखा पांढरा करायचा हट्ट करू नये. आणि वेळ साध. नोव्हेंबरात आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या पुढं उगवतो, त्याच्या अर्धा तास आधी आभाळ निळं व्हायला लागतं आणि तो निळा उजेड सगळ्या घाटावर हलकाच पसरतो. सावल्यांत जीव येतो, निळा चॅनेल भरतो, आणि पणत्याही अजून उठून दिसतात. ती वीस-पंचवीस मिनिटं सोन्यासारखी असतात. बहुतेक जण पाच वाजता काळ्या आभाळाखाली शंभर फोटो काढतात आणि सहाला चहा प्यायला जातात.

मोबाईलचा फोटो चांगला का आला? मोबाईलचा सेन्सर तुझ्यापेक्षा खूप लहान, तुझ्या कॅमेऱ्याचा साधारण २२ बाय १५ मिलिमीटर आहे, पण रात्री मोबाईल एका बटणात आठ-दहा किंवा जास्तसुद्धा फोटो काढतो आणि एकमेकांवर ठेवून सरासरी घेतो. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, म्हणून सरासरीत ते एकमेकांना मारतात. चार फोटोंची सरासरी घेतली की नॉइज (हेच दाणे) अर्धा, सोळांची घेतली की पाव. हे तुलाही करता येतं, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा घाटाच्या दगडी पायरीवर पक्का टेकवून, न हलवता, सेटिंग न बदलता सोळा फोटो काढ आणि फोटोशॉपमध्ये स्टॅक करून (एकमेकांवर ठेवून) मीन, म्हणजे सरासरी, घे. माणसांसाठी उपयोगाचं नाही, पण रिकामा घाट, देवळाची दीपमाळ, रात्रीचा रंकाळा तलाव ह्यासाठी लई भारी.

आता कॅमेऱ्यातलं एक सेटिंग तपास. तुझ्या कॅमेऱ्यात ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर नावाचं एक असतं, ते सावल्या आपणहून उजळवतं आणि त्याबरोबर दाणेही उजळवतं, रात्री बंद ठेव. निकॉनवाल्यांकडं त्याला ॲक्टिव्ह डी-लायटिंग म्हणतात. आयएसओ ऑटो ठेवणार असशील तर त्याची वरची मर्यादा मेनूतनं ठरवून घे, माझ्याकडं १५००डी असता तर मी ३२०० ठेवला असता, आणि अगदीच गरज पडली तर हातानं ६४००.

बरं, प्रत्येक घाण म्हणजे ग्रेन नसते, हेही ओळखता आलं पाहिजे नाहीतर भलत्या रोगावर औषध होतं. फोटो "फुटला" म्हणतो आपण, चौकोन-चौकोन दिसतात, ते नॉइज नाही, ते व्हॉट्सॲपनं दाबल्यामुळं किंवा कोपरा कापून मोठा केल्यामुळं होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठव. प्रत्येक फोटोत त्याच जागी एक लाल किंवा पांढरा ठिपका, तो हॉट पिक्सेल. लेन्सला टोपी लावून तीस सेकंदाचा फोटो काढ, लगेच दिसतील. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ताऱ्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांना हे जास्त भेटतं, कारण लांब एक्स्पोजरला सेन्सर तापतो. त्याला लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन ऑन करायचं, कॅमेरा तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो काढून त्यातले ठिपके वजा करतो, म्हणजे तीस सेकंदाच्या फोटोला एक मिनिट थांबायची तयारी ठेव. आडवे पट्टे दिसले तर हॉलमधल्या दिव्यांचा खेळ असतो, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं की बऱ्याचदा पट्टे जातात. आणि सगळा फोटोच धुरकट वाटत असेल तर लेन्समधनं मोबाईलचा टॉर्च मारून बघ. आपल्या पावसाळ्यात कपाटात बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, जाळ्यासारखी दिसते, फोटोचा कॉन्ट्रास्ट जातो आणि तो परत आणायला ओढाताण केली की दाणे वर येतात. डब्यात सिलिका जेल ठेवून लेन्स ठेवायची.

एक घरगुती टेस्ट सांगतो, ही केल्याशिवाय नवीन कॅमेऱ्याचा विचारसुद्धा करू नको. घरात काळं घोंगडं असेल तर ते खिडकीजवळ खुर्चीवर टाक, शेजारी घरातलं कुणीतरी बसव, कॅमेरा ट्रायपॉडवर. आयएसओ १०० पासून ६४०० पर्यंत प्रत्येक पायरीला एक फोटो, प्रत्येक वेळी एक्स्पोजर बरोबर घेऊन. मग ते सगळे स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून बघत बसू नकोस, त्यातले तीन-चार आठ बाय बाराला प्रिंट मार. तुझा फोटो ६००० बाय ४००० चा, आठ बाय बाराच्या प्रिंटला ३६०० बाय २४०० पुरतात, म्हणजे पिक्सेल दाटीवाटीनं बसतात आणि बरेच दाणे त्यातच विरतात. १६०० आणि १०० मधला फरक हातात प्रिंट घेऊन तुला शोधावा लागेल. घोंगड्याचे केस कुठल्या आयएसओपर्यंत वेगळे दिसतात ते बघून ठेव, तीच तुझ्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा. आणि उन्हात, आयएसओ १०० ला, एक्स्पोजर बरोबर असूनसुद्धा दाणे दिसले तर मात्र सर्व्हिस सेंटरला जा.

सॉफ्टवेअरनं दाणे काढण्याबद्दल जपून सांगतो, कारण ह्यात माझं एकदा नुकसान झालंय. एका तालमीत सकाळी शूट करत होतो. आत उजेड म्हणजे वरच्या एका झरोक्यातनं येणारा तिरपा पट्टा, बाकी अंधार. ५० एमएम लेन्स, एफ २, पैलवान जोर धरतायत म्हणून १/५००, आयएसओ ३२००. एक पोरगा लढत सोडवून उठला, त्याची घामेजलेली पाठ त्या उजेडात आली, सगळ्या पाठीवर लाल मातीचे कण चिकटलेले, मणक्याच्या घळीत मातीचा ओला ओघळ उतरलेला. फोटो मिळाला म्हणून खूश होतो. घरी येऊन नॉइज रिडक्शन जोरात लावलं, पाठ एकदम गुळगुळीत, मला वाटलं काय स्वच्छ झालाय फोटो. प्रिंट घेऊन तालमीत गेलो. वस्तादांनी बघितला, बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "माती कुठं गेली?" सॉफ्टवेअरला मातीचे कण आणि नॉइजचे दाणे ह्यातला फरक कळला नव्हता, दोन्ही पुसून टाकले होते. जी माती ताक, तेल, हळद घालून मळतात, जी पैलवान कपाळाला लावून आखाड्यात उतरतो, तीच मी फोटोतनं काढून टाकली. तेव्हापासून माझी पद्धत अशी, रंगाचे ठिपके निर्धास्त काढायचे, पण काळ्या-पांढऱ्याचा बारीक दाणा असतो, ज्याला ल्युमिनन्स नॉइज म्हणतात, तो निम्म्याहून जास्त काढायचा नाही. थोडा दाणा राहिला तर फोटोला अंग राहतं. अलीकडं लाइटरूममध्ये आलेलं एआय डीनॉइज खरंच चांगलं आहे, पण तिथंही स्लायडर कमी ठेवून कातडी, केस, कापडाची वीण मोठी करून बघायची.

नवीन काही घ्यायचंच असेल तर बॉडी नको, ५० एमएम एफ १.८ घे. तुझ्या किट लेन्सच्या ५.६ पेक्षा साडेनऊ पट उजेड आत घेते. एवढा फरक महागडी फुल फ्रेम बॉडी घेऊनसुद्धा तशाच ५.६ च्या झूमवर मिळणार नाही, फुल फ्रेमचा सेन्सर तुझ्यापेक्षा अडीच पटीच्या आसपासच मोठा असतो. जुनी लेन्स मिळाली तरी चालेल, वर सांगितलेली टॉर्चची टेस्ट करून घे.

आता तुझ्या आजींच्या फोटोचं. तू लिहिलंयस की क्वालिटी रॉ (सेन्सरवरची न दाबलेली, कच्ची माहिती) आणि जेपेग दोन्हीवर ठेवली होती, पण रॉ मोबाईलवर उघडत नाही म्हणून जेपेगच एडिट केलास. कार्ड फॉरमॅट मारू नको! त्यात सीआर२ नावाची रॉ फाइल आहे, तिच्यात १४ बिटची माहिती आहे, म्हणजे प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६. कंप्यूटरवर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल टाक, ते फुकट मिळतं, किंवा लाइटरूममध्ये उघड. एक्स्पोजर अडीच नको, सव्वा-दीडपर्यंतच वाढव, आणि सगळ्या फोटोचं एकदम नको, आजींचा चेहरा आणि हात ब्रशनं धरून तेवढंच थोडं अजून. मागचा घाटाचा दगड काळाच राहू दे, तो मुळातच काळा दगड आहे, सगळ्यात जास्त मुंग्या त्याच्यातच आल्यात, ब्लॅक्स (सगळ्यात काळ्या भागांचा स्लायडर) खाली ओढ, दगडाबरोबर त्याही अंधारात जातील. व्हाइट बॅलन्स पिवळाच ठेव. कलर नॉइज ३०-४०, ल्युमिनन्स २० च्या आसपास. शार्पनिंग करताना मास्किंग वाढव, म्हणजे फक्त सुरकुत्यांच्या, पापण्यांच्या कडांना धार येईल, मोकळ्या जागेतल्या दाण्यांना नाही. मॅट कागदावर आठ बाय बारा प्रिंट मारून आजींना दे, ग्लॉसीवर दाणे जास्त चमकतात. आणि फाइल उघडली की आधी त्यांच्या डाव्या हाताची ओंजळ बघ, ज्योतीला वारा लागू नये म्हणून धरलेली. जेपेगमध्ये तिथं नुसता तपकिरी डाग आहे, रॉमध्ये बोटांमधनं आलेला उजेड दिसायला पाहिजे.